नानांच्या तोंडातलं पान

सकाळी घंटागाडी गल्लीत शिरली की अंबिका न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. बादली भरून वाहायला लागली तरी बंद करायची नाही. गाडीवरच्या भोंग्यातून तिचे वडील, नाना, गात असायचे. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, डायपर कागदात गुंडाळून द्या. संबळाच्या ठेक्यावर, खड्या आवाजात. शेवटच्या अक्षरावर तेच कंपन, जे घेताना जिवंतपणी नानांच्या मानेची शीर तटतटून फुगायची. नानांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

समोरच्या ब्लॉकमधल्या बाई एकदा जिन्यात भेटल्या. हातात कचऱ्याचा डबा, चेहऱ्यावर भक्तिभाव. म्हणाल्या, "काय गोड गळा आहे हो! सकाळी सकाळी कचरा टाकायलासुद्धा प्रसन्न वाटतं." त्यांच्या डब्यातून काल रात्रीच्या मासळीचा वास येत होता. हा गळा कुठून आला, कसा आला, कोणाच्या हाताने आला, हे त्या बाईंना सांगावं आणि त्यांचं प्रसन्न वाटणं एकदाचं संपवावं असं अंबिकेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती नुसती हसली. हल्ली तिला स्वतःच्या हसण्याचाही वीट आला होता.

अंबिका पाचंगे पुण्यातल्या 'कंठा' नावाच्या कंपनीत गळे बनवायची.

एव्हाना चाली रचायचं आणि वाद्यं वाजवायचं काम यंत्रांनी उरकून टाकलं होतं. संगीतकार म्हणवणारी मंडळी दोन ओळी टाइप करत आणि चहा संपायच्या आत गाणं तयार होई. अशी गाणी ढिगाने पडत आणि ढिगानेच विसरली जात. टिकायचं ते एकच, गळा. गळा कोणाचा, यावर गाणं चाले किंवा पडे.

यामागचं शास्त्र मात्र जुनंच. सिंथेसायझरवर नाद घडवायचा तर आधी एक कच्चा सूर घेतात. करवतीसारखा खरखरीत, ऐकवत नाही असा. पण त्यात खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या कंपनसंख्या ठासून भरलेल्या असतात. मग तो फिल्टरमधून गाळायचा. एक फिल्टर वरच्या कंपनसंख्या अडवतो, आवाज गोधडीखालून आल्यासारखा मऊ होतो. दुसरा खालच्या अडवतो, आवाज पत्र्यासारखा पातळ होतो. तिसरा मधला एखादाच पट्टा सोडतो आणि सोडताना त्याला फुगवतो, त्यामुळे सूर टोकदार होतो, कानात घुसतो. नाद घडवणं म्हणजे बरंचसं काय टाकून द्यायचं ते ठरवणं.

माणसाचा गळाही याच रीतीने चालतो. स्वरयंत्रातले पडदे नुसते भुणभुणतात. राजाचे असोत की रंकाचे, भुणभुण जवळपास सारखीच. तिला माणूस चिकटतो तो पुढे. घसा, पडजीभ, टाळू, गालांच्या पोकळ्या, पडलेल्या दाढांच्या फटी, या सगळ्यांतून गाळून येते तेव्हा ती भुणभुण आईची होते, शेजाऱ्याची होते, नानांची होते. तोंडाच्या आतली ती पोकळी एकदा बारकाईने मोजली की तिचा फिल्टर करता येतो. मग त्यातून मोटारीचा हॉर्न सोडा, तो हॉर्न त्या माणसाच्या तोंडाने बोलेल.

अडचण इतकीच होती की जिवंत माणसाचं तोंड नीट मोजता येत नाही. तो श्वास घेतो, आवंढा गिळतो, लाजतो. मेलेला माणूस यातलं काही करत नाही. जबडा ताठरायच्या आत बोटाएवढा स्पीकर घशात उतरवायचा, खोल घुमाऱ्यापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा सूर सोडायचा आणि ओठांपाशी माइक लावायचा. प्रत्येक स्वराला जबडा आणि जीभ हाताने बसवून द्यायची. आ झाला की ई, ई झाला की ऊ. कंपनीच्या कागदांवर या प्रकाराचं नाव 'स्वरस्थापना' होतं. काम करणारे लोक आपसात 'तोंड घेणं' म्हणत.

नाना, म्हणजे अंबादास पाचंगे, बार्शीकडचे गोंधळी. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायला आसपासच्या पाचपन्नास गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. त्यांच्या मागे उभा राहून त्यांचा थोरला मुलगा मल्हारी झील धरायचा, म्हणजे नानांची ओळ संपली की तिचं शेपूट उचलून परत म्हणायचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो मागेच उभा होता.

नानांची छाती पाण्याने भरायला लागली तेव्हा अंबिकेने कंपनीचा कागद घरी नेला. तिने भीत भीत समजावून सांगितलं. नाना खोकत खोकत हसले.

"म्हंजी मेल्यावर बी गाईन की मी," ते म्हणाले आणि त्यांनी सहीही मोठ्या झोकात केली.

मल्हारी उंबऱ्यात उभा होता. बहीण बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "अंबे, सारा जलम मी त्येंच्या मागं झील धरली. आता म्होरं कोण हुबा ऱ्हाणार? मी का तुजं मशीन?"

"दादा, गोंधळाला माणूस लागतो रे. मशीन काय चौक मांडणार आहे? पोत पेटवणार आहे?"

हे ती मनापासून बोलली होती. त्यामुळे पुढे तिला ते जास्तच लागलं.

नाना गेले त्या दिवशी अंबिका बार्शीतच होती. कंपनी दुसरा माणूस पाठवायला तयार होती. पण परक्या माणसाने नानांच्या तोंडात बोटं घालावीत, आणि नंतर पुण्यात जाऊन पिशवीतला डबा उघडून त्याच बोटांनी जेवावं, हे तिला सहन होईना. ती म्हणाली, मीच घेते. सगळ्यांना बाहेर काढून तिने दार लोटलं. हातमोजे चढवले. नानांच्या हनुवटीखाली हात घालून तोंड उघडलं.

आत पाणी होतं. आणि जिभेवर तुळशीचं पान होतं.

मल्हारीने ठेवलं होतं. शेवटचं पाणी आणि पान मुलाने द्यायचं, तसं त्याने दिलं होतं. कामाच्या नियमाप्रमाणे तोंड आतून कोरडं आणि रिकामं करावं लागे. पाणी तिने नळीने ओढून घेतलं. ओढताना जो सुर्र आवाज झाला तो तिच्या कानातून पुढे कधीच गेला नाही. मग तिने चिमटा घेतला, पानापर्यंत नेला, आणि तिचा हात तिथेच थांबला. भावाने बापाला दिलेलं शेवटचं पान. ते उचलून कुठे टाकायचं होतं? प्लॅस्टिकच्या पिशवीत? तेवढं एक पान काढायला तिचा हात धजेना. तिने चिमटा खाली ठेवला आणि स्पीकर घशात उतरवला.

सूर सोडला, आणि नाना गायला लागले.

डोळे मिटलेले, छाती स्थिर, नाकात कापूस, आणि तोंडातून खर्जातून वर वर चढत जाणारा खणखणीत आकार. अंबिकेने अशी शंभर तोंडं घेतली होती. तरी तिने एकदा नानांच्या छातीकडे पाहून घेतलं. बाहेरून नानांची बहीण किंचाळली, "जित्ता हाय! माजा भाऊ जित्ता हाय!" आणि बायकांचा लोंढा दारावर आदळला. त्यांनी दार ढकललं तेव्हा त्यांना दिसलं ते असं: मुलगी एका हाताने बापाचा जबडा धरून बसली आहे, दुसऱ्या हाताने त्याची जीभ वर करते आहे, आणि मेलेला माणूस ईकार लावतो आहे. मल्हारी पुढे आला, त्याने आत्याला खांद्याला धरून मागे नेलं आणि दार लावून घेतलं. त्याने बहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही.

जीभ वर केली तेव्हा ओलं पान टाळूला चिकटून बसलं होतं. पुढचे सगळे स्वर तिने त्या पानासकट घेतले.

पुण्यात सौमित्रने तो गळा पहिल्यांदा ऐकला आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. सौमित्र कंपनीचा मालक. वय फार नाही, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी ओठांकडे बघायची खोड.

"ही झिरझिर काय आहे?" तो म्हणाला. "हा बघ, हा वरचा पट्टा. सूर या उंचीला आला की काहीतरी थरथरतं. लहानपणी अंगठ्यांत गवताचं पातं धरून वाजवायचो ना, तसं. कुठल्याच गळ्यात हे नाहीये."

"माहीत नाही," अंबिका म्हणाली.

गळा बाजारात गेला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आधी भक्तिगीतं आली. मग हळदीची गाणी, मग पक्षांचे प्रचार, मग मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात. एका सिनेमात पोलिसांच्या कुत्र्याला नानांचा आवाज दिला. मग घंटागाडी. जिथे जावं तिथे नानांचं तोंड उघडं, आणि त्यात कोणी ना कोणी काही ना काही कोंबत होतं. अंबिकेला जेवताना माणसांची तोंडं बघवेनाशी झाली. सगळ्यांच्या जिभा, सगळ्यांच्या हिरड्या. कोणी हसलं की तिला टाळू दिसायचा. तुळशीचा काढा समोर आला की ती उठून जायची.

शेवटी तिने ठरवलं, सांगून टाकायचं. खरं कळलं की सौमित्रला शिसारी येईल, निदान लाज वाटेल, आणि तो गळा मागे घेईल. इतक्या घाणीत काम करून ती अजून अशी भाबडी होती.

तिने सगळं सांगितलं. पाणी, पान, न धजलेला हात. सौमित्र ऐकत होता. तिच्या ओठांकडे बघत. मग त्याने डोळे पुसले. खरोखर पुसले.

"अंबिका, हे किती सुंदर आहे," तो म्हणाला. "हे लोकांना कळलंच पाहिजे."

"सौमित्र, ते माझ्या वडिलांच्या तोंडातलं पान आहे."

"तेच तर म्हणतोय मी."

पुढच्या आवृत्तीत पानाचा थरथराट बाकीच्या गळ्यापासून वेगळा काढून त्याला स्वतंत्र बटण दिलेलं होतं. बटणाचं नाव 'तुळस'. डावीकडे फिरवलं की पान नाहीसं, उजवीकडे फिरवलं की पानच पान. जाहिरातीत पणती होती, बासरी होती आणि एक वाक्य होतं: अखेरच्या पानाचा पवित्र स्पर्श. देशभर लोकांनी बटण उजवीकडे फिरवलं. ऐकताना ते हात जोडत. अंबिकेने राजीनामा लिहून पाठवला तेव्हा सौमित्रने उलट तिला हसऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं, आणि खाली लिहिलं, थोडी विश्रांती घे.

मल्हारीचा फोन आला तो त्यानंतर. इतक्या दिवसांत त्याने पहिल्यांदाच केलेला.

"अंबे, शनवारी वैरागकडं गोंधळ हाय. मी म्होरं हाय. येतीस का?"

त्याच्या आवाजात आनंद होता. अंबिकेला ऐकून बरं वाटलं. नानांनंतर त्याचे काय हाल झाले ते वहिनीने तिला सांगितलं होतं. यजमान आता डबा लावत, म्हणजे कंठाचा स्पीकर, आणि गोंधळ नानाच घालत. मल्हारीला बोलावत ते चौक मांडायला आणि पोत धरायला. डब्यातून बाप गायचा आणि मुलगा मशालीवर तेल घालायचा. आता तो पुढे उभा राहणार होता.

ती दिवेलागणीला पोचली. लग्नघराच्या मागच्या पडवीत मल्हारी तयार होत होता. अंगात लांब झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळाला मळवट. तोंडाने थेट नाना. बहिणीला पाहून तो लाजल्यासारखा हसला. मग त्याने पिशवीतून एक छोटी डबी काढली, डबीतून तुळशीचं पान काढलं, तांब्यातल्या पाण्यात बुडवलं, आणि आ वासून अंगठ्याने टाळूला चिकटवलं. सराईतपणे, रोज करत असल्यासारखं.

"आता ऐक," तो म्हणाला आणि त्याने एक तान घेतली.

झिरझिर होती. बटण उजवीकडे फिरवल्यासारखी.

"नाना वाटतो का न्हाई?" बोलतानाही पान थरथरत होतं. "लोकांस्नी तसंच पायजे, अंबे. नुसतं गायलो की म्हनायचे, ह्यात ती मजा न्हाई, नानाची सर न्हाई. मग मी घरी करून बघितलं. आता परत बोलावणी येत्यात."

भिंतीला हात टेकून अंबिका उभी राहिली. सौमित्रची तिला किळस होती, कुत्र्याच्या सिनेमाची होती, हात जोडणाऱ्या लोकांची होती. पण ही सगळ्यांच्या वरताण. जिवंत माणूस, धडधाकट, आपला सख्खा भाऊ, आपल्याच तोंडाचं मढं करून गायला निघाला होता.

"दादा, नाना जन्मात कधी पान ठेवून गायले नाहीत."

"म्हाईत हाय मला."

"ते पान गाण्यासाठी नव्हतं."

"मीच ठेवलं व्हतं, अंबे. मला शिकवतीस?" तो आता तिच्याकडे सरळ बघत होता. "पानाचं तुज्या कंपनीला सांगितलं कुणी? जाहिरातीत पयल्यांदा बघितलं मी. माजं पान. मी बापाला दिल्यालं. तूच सांगितलंस न्हवं?"

"हो. मीच."

बाहेर संबळ वाजायला लागला. मल्हारी हलला नाही.

"आणि त्या दिवशी मला ते दिसलंही होतं," अंबिका म्हणाली. "काढायला हवं होतं. कामाचा नियम म्हणून नाही, नानांसाठी काढायला हवं होतं. आत्याच्या हातात द्यायला हवं होतं, नंतर परत ठेवता आलं असतं. माझा हात धजला नाही. त्याचं हे सगळं झालं." ती पुढे झाली. "दादा, आ कर."

"यडी झालीस का? आत्ता काढलं तर ती मानसं उठून जात्याल."

"जातील."

"मग मी परत पोत धरायला जाऊ?"

तिने हात पुढे केला. ती म्हणाली, "मला मेलेल्याच्या तोंडातलं काढता आलं नाही. तुझ्यातलं काढू दे."

मल्हारीने, लहानपणी घशात काटा अडकला की नानांपुढे उघडायचा तसं, तोंड उघडलं.

तीच कमान, तोच टाळू. डावीकडच्या दाढेची तीच फट. पण आत ऊब होती. श्वास येत होता, त्याला तंबाखूचा आणि चहाचा वास होता, जीभ थरथरत होती, लाळ सुटत होती. इतकी तोंडं हाताळलेल्या अंबिकेला हातमोज्याशिवाय बोट घालताना अंगावर शहारा आला. तिने नखाने पानाची कड सोडवली आणि ते बाहेर ओढलं. मल्हारी ठसकला, थुंकला आणि मांडवाकडे गेला.

मांडवात चौक मांडला होता, पोत पेटली होती. मल्हारीने माइक धरून पहिली ओळ उचलली. आवाज रुंद होता, किंचित बसका, कुठेच न थरथरणारा. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. डब्याशी बसलेल्या यजमानांनी बटण चाचपलं. माइक डब्यातूनच जात होता, आणि डब्यात नानांचा गळा होताच, फक्त बंद ठेवलेला. त्यांनी तो चालू केला आणि 'तुळस' बटण उजवीकडे फिरवलं.

मल्हारीच्या ओळीवर पान येऊन बसलं. दुसऱ्या ओळीवर भरगच्च. पुढच्या रांगेत एका म्हातारीने समाधानाने हात जोडले. मल्हारीने गाता गाता मागे वळून बहिणीकडे पाहिलं. आपलं तोंड रिकामं असून त्यातून ते येतं आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. घास घेताना त्यात केस लागावा तसा तो झाला होता.

त्याने माइक खाली ठेवला. जमिनीवर, चौकाच्या बाहेर. आणि छाती भरून उघड्या आवाजात तिसरी ओळ म्हटली.

यजमान म्हणाले, "अहो, ऐकू येत नाही मागे." कोणीतरी म्हणालं, "पान नाही वाटतं आज." माणसं उठायला लागली, आधी मागची, मग मधली. पंगत बसली असावी. मल्हारी ओळ संपवून थांबला, सवयीने, झिलीसाठी. पण झील धरायला मागे कोणी नव्हतं. हल्ली ते कामही डबाच करायचा, आणि त्याला आता काही ऐकू जात नव्हतं. संबळवाला घोटाळला, हात चालवत राहिला. मल्हारी उघड्या तोंडाने उभा होता.

अंबिका मांडव ओलांडून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या घरात बाईने कधी झील धरली नव्हती, आणि तिचा गळा काही गाण्याचा नव्हता. तिने ओळीचं शेपूट उचललं. ते पहिल्या खेपेला खालीच पडलं, म्हणून तिने परत उचललं. यजमान तिच्याकडे तोंड वाकडं करून बघत होते. मल्हारीने मान न वळवता पुढची ओळ घेतली. पान अजून तिच्या मुठीत होतं, भावाच्या थुंकीने ओलं.